शलमोनाचे मन नेमके कधी वळले?

देवदार

नमस्कार मंडळी,

मागच्या बुधवारी आमच्या प्रार्थनासभेत बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा अध्याय ११ वाचायची पाळी माझ्यावर आली. लहानपणापासून कानांवर पडलेला अध्याय. सातशे राण्या, तीनशे उपपत्नी, आणि इस्राएलचा राजा, दावीदाचा मुलगा शलमोन म्हातारा झाला तेव्हा त्यांनी त्याचे मन अन्य देवांकडे वळवले. वाचून खाली बसलो तर शेजारच्या आजी हळूच म्हणाल्या, "एवढा शहाणा माणूस, म्हातारपणी बुद्धी फिरली बघ."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिले. खरेच म्हातारपणी फिरली का? रात्री जेवण झाल्यावर पहिल्या अध्यायापासून अकराव्यापर्यंत एका बैठकीत वाचून काढले. एरवी आपण गिबोनचे स्वप्न एका रविवारी वाचतो, मंदिराचे अर्पण दुसऱ्या रविवारी, शबाची राणी कधीतरी नाताळाच्या आसपास. सलग वाचल्यावर वेगळेच दिसले.

गिबोन येथे परमेश्वर स्वप्नात येऊन म्हणतो, हवे ते माग. हा तरुण राजा म्हणतो, मी लहान मूल आहे, बाहेर कसे जावे नि आत कसे यावे हे मला समजत नाही. या लोकांचा न्याय करता येईल असे मन मला दे. दीर्घायुष्य मागत नाही, धन मागत नाही, शत्रूंचे प्राण मागत नाही. हे वाचताना माझे डोळे आजही भरून येतात. मग दोन स्त्रिया आणि एका बाळाचा तो न्याय, ३००० नीतिवचने, १००५ गीते, लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीवर उगवणाऱ्या एजोबापर्यंत झाडांची माहिती. जगाच्या टोकावरून माणसे त्याला ऐकायला येत.

पण त्याच तिसऱ्या अध्यायाचे पहिले वचन काय आहे? मिसराचा (इजिप्तचा) राजा फारो याच्या मुलीशी लग्न. स्वप्नाच्याही आधी. आणि १४:२१ मध्ये एक हिशेब आहे, तो मी वहीत मांडून पाहिला. शलमोनाने राज्य केले ४० वर्षे. त्याच्या मागून मुलगा रहबाम गादीवर बसला तेव्हा त्याचे वय ४१. म्हणजे शलमोनाच्या डोक्यावर मुकुट चढण्याआधीच रहबाम जन्मला होता. त्याची आई नामा, अम्मोनी. अम्मोन्यांचा देव मिलकोम. त्याच मिलकोमाच्या मागे शलमोन म्हातारपणी गेला असे ११:५ सांगते.

आता बायबलमधल्या 'अनुवाद' या नियमशास्त्राच्या पुस्तकाचा अध्याय १७ काढा. राजा झालेल्याने काय करू नये हे तिथे लिहिले आहे. पुष्कळ घोडे बाळगू नयेत, घोड्यांसाठी लोकांना मिसराकडे पाठवू नये, पुष्कळ बायका करू नयेत, सोने-रुपे फार साठवू नये. मग १ राजे १० वाचा. वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचे जुने माप) सोने. १४०० रथ आणि १२००० स्वार. घोडे कुठून आणले? मिसरातून. लगेच पुढे अकरावा अध्याय, बायका. लिहिणाऱ्याने एकेक कलम समोर ठेवून यादी लावली आहे आणि तोंडाने एक शब्दही दूषणाचा काढलेला नाही, अकराव्यापर्यंत.

म्हणून मला वाटते, मन म्हातारपणी वळले असे आपण म्हणतो ते अर्धेच. म्हातारपणी ते लोकांना दिसले. तुम्हांला काय वाटते? मला स्वतःसाठी हे समजून घ्यायचे आहे. माझेही वय झाले आहे.

चिंचेचापार

फार चांगला धागा, देवदारकाका. दहाव्या अध्यायाची यादी या नजरेने कधी वाचली नव्हती. आमच्याकडे तो अध्याय 'देवाने किती आशीर्वाद दिला' म्हणून वाचतात. सोन्याच्या ५०० ढाली, हस्तिदंती सिंहासन, पायऱ्यांवर बारा सिंह. उपदेशात हमखास येणार.

आता प्रश्न पडला, तो आशीर्वाद होता की सापळा? गिबोनला देवानेच म्हटले होते ना, तू न मागितलेले धन आणि मानही देतो?

देवदार

@चिंचेचापार, हो, देवानेच दिले. म्हणून तर सोपे उत्तर नाही. दिलेले घेणे वेगळे आणि त्यावर आणखी साठवत जाणे वेगळे, असे मला वाटते. पण ती रेघ कुठे पडते हे मला अजून सांगता येत नाही.

रानजाई

काका, नामाच्या हिशेबावर थोडे थांबते. आकडे बरोबर आहेत, पण त्यातून 'परकी बायको आणली तिथेच बिघडले' असा अर्थ निघत असेल तर मला तो मान्य नाही. चर्चमध्ये हा अध्याय निघाला की शेवटी सगळे खापर बायकांवर फुटते. आमच्या महिला मंडळात तर एका पाहुण्या वक्त्यांनी यावरून 'सुना निवडताना काळजी घ्या' असा उपदेश केला होता. मी उठून बाहेर गेले होते.

रूथ कोण होती? मवाबी. दावीदाची पणजी, म्हणजे शलमोनाची खापरपणजी. ती सासू नामीला म्हणाली, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. परक्या कुळातली बाई घरात आली म्हणून देव बाहेर गेला असे तिथे झाले नाही. उलट तिच्यामुळे ते घर उभे राहिले.

मवाबाचा देव कोणता? कमोश. रूथ त्याला मागे सोडून आली. आणि ११:७ मध्ये यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर शलमोन कोणासाठी उच्च स्थान (पूजेची जागा) बांधतो? कमोशासाठी. खापरपणजीने जे दैवत मवाबाच्या वेशीबाहेर टाकले ते पणतवंडाच्या मुलाने मंदिराच्या समोर आणून बसवले. हे मला पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते.

आणि त्या सातशे जणी. त्या राजकन्या होत्या असे लिहिले आहे. म्हणजे तह. प्रत्येक लग्नामागे एक सीमा, एक व्यापारी रस्ता, एखादे बंदर. फारोने तर गेजेर शहर जाळून तिथल्या कनान्यांना मारून ते मुलीला आंदण दिले. त्या मुलींना कोणी विचारले होते? आपला देव सोबत आणला हा त्यांचा दोष कसा? वेदी बांधली ती राजाने.

मोहोर

रानजाईताई, रूथ आणि कमोशचे वाचून अंगावर काटा आला. +१

काळी_माती

मी विश्वासणारा वगैरे नाही, पण जुना करार आवडीने वाचतो. मला वाटते तुम्ही सगळे बायका आणि मूर्ती यांवर अडकला आहात. माझ्या मते राजाची घसरण पाचव्या अध्यायातच दिसते, आणि ती वेठबिगारीत दिसते.

आकडे बघा. सगळ्या इस्राएलातून ३०,००० माणसे वेठीला धरली. दर महिन्याला १०,००० लबानोनात, एक महिना डोंगरात आणि दोन महिने घरी. त्याशिवाय ७०,००० ओझी वाहणारे, ८०,००० दगड फोडणारे, वर ३,३०० मुकादम. राजवाड्याच्या एका दिवसाच्या स्वयंपाकाला ३० कोर (धान्याचे जुने माप) सपीठ, ६० कोर पीठ, १० पोसलेले बैल, २० कुरणातले बैल, १०० मेंढरे. बारा अंमलदार, प्रत्येकाने वर्षातला एक महिना हे पुरवायचे. म्हणजे शेवटी शेतकऱ्यानेच.

मंदिराला ७ वर्षे लागली. स्वतःच्या वाड्याला १३. मंदिर ६० हात लांब, आणि वाड्यातल्या 'लबानोनी वनगृह' नावाच्या एकाच इमारतीची लांबी १०० हात. ७ आणि १३ हे वर्षांचे दोन आकडे लेखकाने एकमेकांना लागून ठेवले आहेत, सहाव्या अध्यायाचा शेवट आणि सातव्याची सुरुवात. सोरचा राजा हीराम याचे देणे भागवायला गालीलातली २० गावे दिली, तीही त्याला आवडली नाहीत.

ही प्रजा कोण होती? मिसरात विटा पाडणाऱ्यांची लेकरे. त्यांच्या सुटकेपासून ४८० वर्षे मोजून मंदिराच्या पायाभरणीची तारीख लिहिली आहे, आणि त्याच बांधकामावर वेठबिगार. राजाने फारोची मुलगी घरी आणली, फारोचे घोडे आणले, आणि फारोची रीतही आणली. शलमोनाच्या मृत्यूनंतर शेखेमात लोक रहबामाला काय म्हणाले? तुझ्या बापाने आमचे जू जड केले, ते हलके कर. कमोशाचे नाव कोणी काढले नाही. खांद्यावरचे जू तेवढे आठवले. रहबामाने चाबकाऐवजी विंचवांनी शिक्षा करीन असे उत्तर दिले आणि वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम पाठवला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचला.

ओसरी

काळी_माती, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या मनातला एक धागा जुळला. यराबाम कोण होता? योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर शलमोनानेच नेमलेला मुकादम. राज्य फोडणारा माणूस त्याच बांधकामावरून उठला. अहीया संदेष्ट्याने त्याला रस्त्यात गाठले, अंगावरचे नवे वस्त्र फाडून बारा तुकडे केले आणि दहा त्याच्या हाती दिले, म्हणजे इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दहांचे राज्य.

समुद्रकाठ

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळ रायगडातले, आता बरीच वर्षे इस्राएलात अश्दोदला. घरात अजून मराठीच बोलतो. आमच्या पणजोबांच्या पिढीत बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने होत असत, त्यामुळे श्लोमो (शलमोनाचे हिब्रू नाव) राजाची गोष्ट आमच्याकडे आधी मराठीत आणि मग हिब्रूत आली, असे म्हटले तरी चालेल.

दोन गोष्टी सांगतो, मूळ भाषेमुळे नीट कळतात.

गिबोनला त्याने मागितले त्याला हिब्रूत 'लेव शोमेआ' म्हटले आहे. ऐकणारे मन. मराठीत आपण विवेकी मन, समजूतदार मन असे वाचतो, पण शब्द ऐकण्याचा आहे.

दुसरी. मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी (८:५८) तो लोकांसमोर प्रार्थना करतो की परमेश्वराने आमचे मन त्याच्याकडे वळवावे. अकराव्या अध्यायात बायकांनी त्याचे मन वळवले म्हटले आहे तिथे क्रियापद तेच आहे. तसेच ८:६१ मध्ये तो लोकांना सांगतो, तुमचे मन परमेश्वराशी 'शालेम', म्हणजे पूर्ण, असू द्या. आणि ११:४ म्हणते, त्याचे स्वतःचे मन 'शालेम' राहिले नाही. शालेम, श्लोमो, एकाच धातूचे शब्द. त्याच्या नावातच जे होते तेच हरवले.

आता देवदारभाऊंच्या मूळ प्रश्नाला. तल्मुदात, म्हणजे आमच्या रब्बींच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, सान्हेद्रिन या भागात यावर एक उत्तर आहे. रब्बी इसहाक विचारतात, तोरातल्या (नियमशास्त्रातल्या) आज्ञांची कारणे का सांगितली नाहीत? कारण दोन आज्ञांची सांगितली, आणि जगातला थोर माणूस त्यांत अडखळला. आज्ञा होती, राजाने पुष्कळ बायका करू नयेत, नाहीतर त्याचे मन वळेल. श्लोमो म्हणाला, मी पुष्कळ करीन आणि वळणार नाही. आज्ञा होती, घोडे वाढवू नयेत, नाहीतर लोकांना मिसराकडे परत न्याल. तो म्हणाला, मी वाढवीन आणि नेणार नाही. शहाण्याला कारण कळले, आणि कारण कळले म्हणून आज्ञा आपल्याला लागत नाही असे त्याला वाटले.

दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे. तल्मुदातच, शब्बात या भागात, एक मत असे आहे की श्लोमोने पाप केले असे जो म्हणतो तो चुकतो. बायकांनी वळवू पाहिले, पण तो त्यांच्या मागे गेला नाही, फक्त त्याने त्यांना अडवले नाही. आमच्याकडे हा वाद मिटलेला नाही.

देवदार

समुद्रकाठभाऊ, तुमचे उपकार कसे मानू! 'मी वाढवीन आणि वळणार नाही.' मला जे सापडत नव्हते ते हेच. मूर्खाला आज्ञा मोडताना निदान भीती वाटते. शहाण्याजवळ कारण तयार असते. फारोची मुलगी केली, कारण दक्षिणेची सीमा शांत हवी. घोडे घेतले, कारण ते पुढे हित्ती आणि अरामी राजांना विकता येतात. प्रत्येक पाऊल बरोबरच वाटले असणार.

अनुवाद १७ मध्ये आणखी एक आज्ञा आहे, तिच्याकडे कोणी फार बघत नाही. राजाने गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर रोज वाचावी, म्हणजे त्याचे मन आपल्या भाऊबंदांपेक्षा उंच होणार नाही. शलमोनाची ३००० नीतिवचने मोजलेली आहेत. ही प्रत केल्याचा उल्लेख कुठे नाही.

निळीशाई

अस्सलाम आलेकुम. मी मुसलमान आहे, धागा आदराने वाचतोय. आमच्याकडे हजरत सुलेमान, म्हणजे तुमचे शलमोन, पैगंबर आहेत, आणि सूरह बकरामध्ये (आयत १०२) साफ म्हटले आहे की सुलेमानांनी कुफ्र (देवाला नाकारणे) केले नाही, ते सैतानांनी केले. त्यामुळे मूर्तिपूजेची ही गोष्ट आम्ही मानत नाही. वाद घालायला नाही, नोंद म्हणून लिहितो.

पण तुम्ही ऐकणाऱ्या मनाबद्दल बोलत आहात म्हणून सूरह नम्ल आठवली. सुलेमानांची फौज येताना पाहून एक मुंगी बाकीच्या मुंग्यांना सांगते, घरात शिरा, नाहीतर नकळत चिरडल्या जाल. ते तिचे बोलणे ऐकून हसतात आणि लगेच दुआ करतात की मला कृतज्ञ राहण्याची बुद्धी दे. एवढ्या मोठ्या फौजेच्या गलक्यात मुंगीचे ऐकू येणारा राजा. मला हा प्रसंग लहानपणापासून प्रिय आहे.

रानजाई

निळीशाई, किती सुंदर! धन्यवाद. आणि तुमचा मुद्दा स्पष्टपणे मांडलात हेही बरे केलेत.

ओसरी

ऐकण्यावरून. दावीदाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्या बाबतीत पाप केले तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात आला, मेंढीची गोष्ट सांगितली आणि तोंडावर म्हणाला, तो मनुष्य तूच. दावीद मोडून पडला, पण उठला. याच नाथानाकरवी लहानग्या शलमोनाला यदीद्या, म्हणजे परमेश्वराचा प्रिय, असे नाव मिळाले होते, आणि पुढे त्याला गादीवर बसवण्यातही नाथानच पुढे होता.

आता शलमोनाच्या चाळीस वर्षांत असा कोणी शोधा. देव स्वतः दोनदा दर्शन देतो, बजावतो. पण दरबारात उभे राहून 'तो मनुष्य तूच' म्हणणारा एकही माणूस दिसत नाही. अहीया संदेष्टा होता की! तो कोणाकडे गेला? यराबामाकडे. राजाबद्दलची बातमी राजाच्या नोकराला मिळाली. आणि राजाने पुढे काय केले? यराबामाला ठार मारायला निघाला. तो मिसरात तिथला राजा शिशक याच्याकडे पळाला.

सगळे जग ज्याला ऐकायला येत होते त्याला कोणी काही ऐकवावे अशी सोयच उरली नव्हती. मी स्वतः तीस वर्षे उपदेश करतो आहे. हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

मोहोर

एक विचारू का? मी २३ वर्षांची आहे, शब्बाथशाळेत मुलांना शिकवते. शलमोन शेवटी परत आला का? मुले हाच प्रश्न विचारतात. एक जण म्हणाला, टीचर, तो स्वर्गात असेल का? मला उत्तर देता आले नाही.

चिंचेचापार

मोहोर, आम्हांला शिकवले होते की उपदेशक हे पुस्तक म्हणजे त्याचा पश्चात्ताप. घरे बांधली, द्राक्षमळे लावले, सोने-रुपे साठवले, गाणारे-गाणाऱ्या ठेवल्या, डोळ्यांनी मागितले ते नाकारले नाही, आणि शेवटी सारे व्यर्थ. दावीदाचा पुत्र, यरुशलेमातला राजा, असेच पहिले वचन आहे.

काळी_माती

बहुतेक अभ्यासक उपदेशकाची भाषा बरीच नंतरच्या काळातली मानतात, त्यामुळे तो शलमोनाच्याच हातचा आहे असे धरून चालता येत नाही.

ओसरी

कोणाच्या हातचा असो, उपदेशक ४:१३ वाच, मोहोर. गरीब पण शहाणा तरुण हा, बोध घेणे ज्याला कळेनासे झाले अशा म्हाताऱ्या मूर्ख राजापेक्षा बरा. शलमोनाचे नाव डोळ्यांसमोर ठेवून हे वाचवत नाही.

तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर: १ राजे सांगत नाही. अकरावा अध्याय त्याच्या मृत्यूपाशी थांबतो. दावीदाच्या पापानंतर त्याचे रडणे लिहिले आहे, इथे काहीच नाही. बायबलमधल्या 'इतिहास' या पुस्तकाने तर ही घसरण गाळलीच आहे, आणि नहेम्या या पुढाऱ्याने उलट शेकडो वर्षांनी लोकांना दटावताना तीच पुढे केली: त्याच्यासारखा राजा राष्ट्रांत नव्हता, देवाला प्रिय होता, तरी तोही पापात पडला. मुलांना सांग, आपल्याला माहीत नाही. मुलांना ते चालते. देवाने दावीदासाठी एक वंश राखून ठेवला, हे मात्र आपल्याला माहीत आहे, तेही सांग.

मोहोर

धन्यवाद काका. असेच सांगेन.

समुद्रकाठ

मगिद्दोला, इथल्या एका प्राचीन शहराच्या अवशेषांत, मी तीनदा जाऊन आलो आहे. तिथे सहा दालनांची एक जुनी वेस आहे. हासोर आणि गेजेर इथेही तशाच वेशी सापडल्या. १ राजे ९:१५ मध्ये हीच तीन नावे एका ओळीत आहेत, म्हणून पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी त्या वेशी श्लोमोच्या मानल्या. नंतर इस्राएल फिंकेलस्टाइन आणि इतरांनी त्या पुढच्या शतकातल्या ठरवल्या, आणि तो वाद अजून चालू आहे. त्या दगडांवर हात ठेवला की मला मात्र काळी_माती यांनी लिहिलेली वेठीची माणसेच आठवतात, राजा कोणीही असो.

आणि ते कमोशाचे उच्च स्थान सुमारे तीनशे वर्षे तिथेच राहिले. २ राजे २३:१३ पाहा, योशीया राजाने ते भ्रष्ट करून मोडले तेव्हा शलमोनाचे नाव घेऊन लिहिले आहे. मधल्या काळात हिज्कीयासारखा चांगला राजा होऊन गेला, तरी ते उरलेच.

रानजाई

मला राहून राहून ढाली आठवतात. शलमोनाच्या सोन्याच्या ढाली. तो गेल्यावर, रहबामाच्या पाचव्या वर्षी, मिसरचा तोच शिशक यरुशलेमेवर चालून आला आणि त्या सगळ्या घेऊन गेला. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या केल्या. राजा मंदिरात जाताना पहारेकरी त्या घेऊन चालत आणि मग पुन्हा पहारेकऱ्यांच्या कोठडीत नेऊन ठेवत (१४:२८). म्हणजे मिरवणूक तशीच निघत होती. लांबून पाहणाऱ्याला चमकच दिसत असणार.

देवदार

दोन दिवस लिहिले नाही, कारण ओसरींचा नाथानावरचा प्रतिसाद वाचल्यापासून मन लागत नव्हते.

मी मंडळीच्या कमिटीवर १८ वर्षे आहे. सहा वर्षांपूर्वी एका तरुण सभासदाने सभेत उठून मला विचारले होते, तुम्ही प्रत्येक निर्णयात वचन सांगता, पण आमचे कोणाचे पूर्ण ऐकून घेता का? मी त्याला नीतिसूत्रांतलेच एक वचन ऐकवून खाली बसवले. लोक हसले. मला तेव्हा बरे वाटले होते. तो नंतर यायचा बंद झाला, आणि कोणी विचारले तर मी म्हणायचो, आजकालच्या मुलांचा विश्वास कच्चा. वचन शलमोनाचे होते, हे मला आत्ता आठवले.

काल एक शंभर पानी वही आणली. अनुवादाचा सतरावा अध्याय हाताने उतरवायला घेतला आहे, घोड्यांपर्यंत आलो. आज सकाळी त्या मुलाचा नंबर त्याच्या आईकडून घेतला आणि फोन केला. नाव सांगितल्यावर तो गप्प झाला. मी म्हटले, त्या दिवशी तू बोलत होतास, तुझे बोलणे अर्धे राहिले होते, मला ऐकायचे आहे. तो म्हणाला, काका, फोनवर नको, मी शनिवारी घरी येतो.

शनिवारी संध्याकाळी येणार आहे. तुम्ही प्रार्थना करा. मला मध्ये न बोलता ऐकायचे आहे, आणि मला त्याची सवय नाही.